चिणलेल्या कमानींचं गाव

दक्षिणेची भिंत आधी बघावी. व्हॅरम पर्सीच्या सेंट मार्टिन चर्चला छप्पर नाही आणि मनोराही अर्धाच उरला आहे, पण दक्षिणेची भिंत उभी आहे आणि तिच्यात कमानींची एक रांग दिसते. या कमानींखालून आता कुणाला जाता येत नाही, कारण त्या दगडांनी चिणून टाकल्या आहेत. बंद केलेल्या भागात खिडक्या बसवल्या आहेत, आणि त्या दुसरीकडून आणलेल्या आहेत हे चौकटीच्या घडणीवरून कळतं. घडीव दगडाची चाप एका बाजूला, भरणीचा जाडाभरडा दगड दुसऱ्या बाजूला आणि मधे सरळ सांधा. हा सांधा बोटाने वरून खाली चाचपता येतो. तिथे दोन काळ एकमेकांना चिकटलेले आहेत: गाव वाढत होतं तो एक आणि गाव आटत होतं तो दुसरा.

मी नोकरी भूमी अभिलेख खात्यात केली, बरीचशी शिरूर आणि दौंड तालुक्यांत. जमीन मोजणं हेच काम. जुना गावनकाशा पुढ्यात घ्यायचा, टिपणं बघायची, शिवेचे दगड शोधायचे आणि कागदावर आहे ते जमिनीवर कुठे आहे ते दाखवायचं. आमच्या दफ्तरात काही गावांपुढे ‘बेचिराख’ असा शेरा असतो. गावाचं नाव आहे, शीव आहे, सर्व्हे नंबर आहेत, आकारणी आहे, फक्त वस्ती नाही. अशा गावांच्या पांढरीवर मी मोजणीच्या निमित्ताने हिंडलो आहे. एखादा ओटा, मारुतीची शेंदरी शिळा, राखेच्या मातीचा उंचवटा आणि खापरांचे तुकडे एवढंच तिथे बहुधा सापडतं. मुलगी लीड्सला स्थायिक झाली आणि तिच्याकडे राहायला गेलो, तेव्हा यॉर्कशरमध्येही अशी गावं आहेत हे कळलं. त्यातलं सर्वांत चांगलं खणलेलं, मोजलेलं आणि वाचलेलं गाव म्हणजे व्हॅरम पर्सी.

मॉल्टन या बाजारगावापासून थोड्या अंतरावर यॉर्कशर वोल्ड्सचं पठार सुरू होतं. सगळा मुलूख खडूच्या पांढऱ्या दगडाचा. पाणी वर ठरत नाही, खाली झिरपतं आणि दरीत झऱ्याने बाहेर येतं, म्हणून वोल्ड्सची जुनी गावं पाण्याच्या जागा धरून बसलेली. गाडी रस्त्याकडेला लावून पाऊणएक मैल उतरावं लागतं. वाटेत जुन्या रेल्वेची खाच ओलांडायची. ही मॉल्टन–ड्रिफील्ड लाइन 1853 मध्ये सुरू झाली आणि गेल्या शतकाच्या मध्यावर बंद पडली. पुढे मजुरांच्या जुन्या घरांची एक ओळ लागते, ती एकोणिसाव्या शतकातली. तिच्यापलीकडे चर्च, चर्चच्या खाली तळं आणि पश्चिमेला वर चढून गेलं की पठारावर गाव. गाव म्हणजे हिरवळीखालचे चौकोनी उंचवटे. घरांच्या जोत्यांच्या रेषा, परसांच्या हद्दी आणि मधला गावरस्ता उन्ह तिरपं असेल तेव्हा स्वच्छ दिसतो. माझ्यासारख्या माणसाला तर ते नकाशासारखंच दिसतं. सगळे प्लॉट एका मापाचे, एका ओळीत, मागे सारख्या लांबीची परसं. कुणीतरी कधीतरी दोरी धरून आखल्याशिवाय घरं अशी बसत नाहीत.

इंग्लंडमध्ये अशी तीन हजारांच्या आसपास ओस गावं माहीत आहेत. पण 1940 च्या दशकापर्यंत ‘अशी गावं फारशी नव्हतीच’ असं मोठमोठे इतिहासकार म्हणत होते. त्यांना खोडून काढलं ते मॉरिस बेरेसफर्ड या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने. बेरेसफर्ड पुरातत्त्वज्ञ नव्हता. रग्बी गावात प्रौढ शिक्षणाचं केंद्र चालवत असताना तो जुने शेतनकाशे घेऊन रानात हिंडायचा आणि कागदावरच्या पट्ट्या जमिनीवर शोधायचा. मध्ययुगातल्या नांगरटीने इंग्लंडच्या शेतांत लांबलांब वरंबे तयार झाले आणि पुढे तिथे गवत वाढू दिलं म्हणून ते टिकून राहिले. हे वरंबे मोजता मोजता त्याला असे उंचवटे भेटू लागले जे नांगराचे नव्हते. ते घरांचे होते. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. नकाशा हातात धरून चिखलातून चालल्याशिवाय गावाचा इतिहास कळत नाही, हे आम्हा मोजणीदारांना ठाऊक असतं. विद्यापीठातल्या माणसाने ते ओळखावं याचा मला आनंद आहे.

1948 मध्ये बेरेसफर्ड लीड्स विद्यापीठात आला आणि 1950 च्या उन्हाळ्यात त्याने व्हॅरम पर्सीत कुदळ मारली. इथे खरोखर घरं होती का आणि ती कधी ओस पडली, एवढाच त्याचा प्रश्न होता. 1952 पासून जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ त्याला येऊन मिळाला. तिथून पुढे 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे स्वयंसेवकांची टोळी त्या मजुरांच्या घरांत मुक्कामाला यायची आणि खणायची. चाळीस उन्हाळे एका गावावर! अहवालाचे तेरा खंड निघाले, शेवटचा 2012 मध्ये. तोवर हर्स्ट आणि बेरेसफर्ड दोघेही गेले होते.

त्यांच्या खणण्याची रीतही महत्त्वाची होती. आधीचे लोक अरुंद चर खणायचे आणि भिंत लागली की तिच्या कडेकडेने जायचे. दगडी राजवाड्याला ते चालतं, कुणब्याच्या घराला चालत नाही. डेन्मार्कमधल्या स्टेन्सबर्ग या संशोधकाची पद्धत हर्स्टने इथे आणली: घराची अख्खी जागा मोकळी करायची, थर एकेक करून आडवा सोलायचा आणि सापडलेली प्रत्येक वस्तू जिथे पडली तिथेच नकाशावर मांडायची. म्हणून कुणब्यांची घरं दिसली. खडूच्या दगडाची हातभर उंचीची जोती, वर वाकड्या ओंडक्यांच्या जोड्यांवर तोललेलं छप्पर, एका टोकाला गुरं आणि दुसऱ्या टोकाला माणसं. झाडून झाडून मधे खोलगट झालेल्या जमिनी. मध्ययुगातला कुणबी मातीच्या खोपटात कसाबसा जगत होता, हा समज या घरांनी मोडला. छपराचा लाकडी सांगाडा सुताराकडून नीट घडवून घेतलेला असे, असं पुढच्या अभ्यासातून दिसून आलं.

चर्चची खणाई 1960 आणि 70 च्या दशकांत झाली. छप्पर गेलेलं, उपासना बंद झालेली, त्यामुळे आतली जमीन पूर्ण उकलता आली. अशी संधी खेड्यातल्या चर्चच्या बाबतीत क्वचितच मिळते, कारण बाकीची चर्च वापरात असतात. फरशीखाली एकात एक अशा पायांच्या रांगा निघाल्या. सर्वांत खाली लाकडी खांबांचे खळगे होते. ते दहाव्या शतकातल्या छोट्या लाकडी चर्चचे. त्यावर एक लहान दगडी चर्च, दोनच खोल्यांचं: लोकांनी उभं राहायचं दालन आणि पूर्वेला वेदीचं दालन. त्या काळी असं चर्च बहुधा जमीनदाराच्या घरचंच असायचं. वाड्याशेजारी देऊळ बांधावं तसं तो ते बांधायचा आणि पाद्रीही स्वतःच ठेवायचा. नॉर्मन राजवट आल्यावर बाराव्या शतकात त्या लहान चर्चभोवती मोठं चर्च उभं राहिलं. पुढे पश्चिमेला मनोरा आला. चर्च आता गावाचं झालं होतं, आणि एकट्या गावाचंही नव्हे. व्हॅरम पर्सी, रेस्थॉर्प, बर्डेल, टौथॉर्प आणि थिक्सनडेल अशा पाच वस्त्यांचा हा एक परगणा. लग्न, बाप्तिस्मा आणि मयत इथेच.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक मावेनासे झाले. तेव्हा गवंड्यांनी दक्षिणेची भिंत फोडून कमानींची रांग घातली आणि बाहेर उतरत्या छपराची लांब पडवी जोडली. चालत्या चर्चमध्ये हे काम करणं सोपं नाही. वरची भिंत आणि छप्पर टेकूंवर तोलून धरायचं, खाली एकेक खांब उभा करायचा, त्यावर लाकडी साच्यावर चाप बसवायची, चुना धरला की साचा काढायचा आणि मग मधली जुनी भिंत काढायची. हे सगळं होईपर्यंत उपासना थांबत नव्हती. नंतर उत्तरेलाही तशीच पडवी आली आणि तिच्या पूर्वेला एक लहान प्रार्थनाघर. तेव्हाचं व्हॅरम म्हणजे भरलेलं गाव. दोन जमीनदार घराण्यांच्या वाटण्या होत्या, त्या तेराव्या शतकात पर्सी घराण्याच्या एका शाखेकडे एकत्र आल्या आणि त्यांचं नाव गावाला कायमचं चिकटलं.

चर्चमध्ये तेव्हा बाकं नव्हती. लोक उभे राहत, म्हाताऱ्यांना भिंतीलगतचा दगडी कट्टा. भिंतींवर रंगीत चित्रं असत, पाद्री लॅटिनमध्ये पुटपुटत असे आणि वेदीच्या दालनापुढे लाकडी जाळीचा आडपडदा असे. एक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या सगळ्या पडझडीची किल्ली त्यात आहे. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे लोकांच्या दालनाची डागडुजी लोकांनी करायची आणि वेदीच्या दालनाची जबाबदारी चर्चचं उत्पन्न खाणाऱ्याची. उत्पन्न म्हणजे दशांश: दहावी पेंढी, दहावं कोकरू आणि लोकरीचाही दहावा वाटा. कुणबी मेला तर त्याच्या दावणीतलं दुसऱ्या क्रमांकाचं चांगलं जनावर चर्चला द्यायचा रिवाज होता, पहिलं जमीनदाराला. चौदाव्या शतकात हे उत्पन्न हॉल्टेम्प्राइस नावाच्या मठाकडे गेलं. म्हणजे धान्य दूरच्या मठात आणि गावात पगारी पाद्री. आपल्याकडे इनाम गावांचं जे होत असे त्याहून हे फार वेगळं नाही.

मग गाव उतरायला लागलं. इथे लोकांना एकच शब्द पाठ असतो, प्लेग. 1348–49 च्या काळ्या मृत्यूने गाव संपवलं असं रस्त्यावरचा कुणीही सांगेल. पण कागद तसं म्हणत नाहीत. उतरण त्याच्या आधीच सुरू झाली होती. 1315 पासून सलग दोन-तीन वर्षं पावसाने पिकं कुजवली, उत्तर युरोपभर दुष्काळ पडला आणि त्याच सुमाराला स्कॉटलंडच्या फौजा यॉर्कशरमध्ये घुसून जाळपोळ करत होत्या. 1323 च्या सरकारी चौकशीत व्हॅरमची बरीच जमीन पडीक असल्याची नोंद आहे. प्लेगने माणसं मेली, जमीनदार गेला, पण गाव मेलं नाही. 1368 मध्ये तीसेक घरं वसती होती. 1403 च्या सुमारास पर्सींनी हे गाव डरहॅमकडच्या हिल्टन घराण्याला दिलं. जमीनदार आता दूर राहत होता आणि त्याला फक्त वसूल दिसत होता. (आपल्या दख्खनेत दुर्गादेवीचा दुष्काळ याच वर्षांतला सांगतात. ओस पडण्याचा काळ दोन्हीकडे जवळपास एकच, कारणं मात्र निराळी.) 1458 च्या कागदात सोळा घरं आहेत. नव्वद वर्षांत निम्मी.

शेवट केला तो मेंढरांनी, म्हणजे मेंढरांच्या मालकाने. प्लेगनंतर मजूर महाग झाले होते, धान्याला भाव नव्हता आणि लोकरीला होता. नांगराला आठ बैल, माणसं, पेरणी, कापणी हे सगळं लागतं, मेंढरांच्या मोठ्या कळपाला एक धनगर आणि एक कुत्रा पुरतो. घर रिकामं झालं की नवा कुणबी आणायचा नाही, जमीन गवताला सोडायची, आणि मग उरलेल्यांनाही उठवायचं. याचा देशभर बोभाटा झाला तेव्हा राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्सी याने 1517 मध्ये चौकशी लावली. तिच्या कागदात व्हॅरम पर्सीची नोंद आहे: हिल्टनने चार नांगर बंद पाडले आणि चार घरं मोडकळीला जाऊ दिली. चार घरं, म्हणजे शेवटची चार. ती माणसं कुठे गेली ते त्या चौकशीने विचारलं नाही. नांगर किती बंद झाले हे राजाला हवं होतं, कारण शेतावरच्या गड्यातून शिपाई मिळत होता.

आता पुन्हा चर्चच्या भिंतीपाशी येऊ. दक्षिणेची पडवी पाडून कमानी चिणल्या गेल्या त्या पंधराशेच्या आगेमागे, आणि उत्तरेची पडवीही त्याच उतरत्या काळात गेली. सतराव्या शतकात वेदीचं दालनही आखडून घेतलं. या भिंती मला फेरफाराच्या वहीसारख्या वाचता येतात. वारस लागला की नोंद, जमीन गेली की नोंद, आणि खालची सही कुणाची तेही कळतं. कमानी चिणल्या लोकांनी, कारण ती बाजू त्यांच्या जबाबदारीची होती. वेदीचं दालन आखडलं उत्पन्नवाल्याने, मठ 1536 नंतर बुडाल्यावर ज्याच्या हातात दशांश आला त्याने. दोन्ही कामांत फरक आहे. लोकांचं काम नीटस आहे.

मला या जागी सांगायचं आहे ते हेच. मध्ययुगीन चर्चविषयी लिहिणारे लोक बांधणाऱ्यांचं कौतुक करतात. कमान किती डौलदार, दगड किती सुबक, नक्षी कुठल्या घराण्याची. ते कौतुक योग्यच आहे. पण सोळा घरांच्या आणि मग चार घरांच्या गावाने, आणि त्यांच्याहून जास्त थिक्सनडेल वगैरे उरलेल्या वस्त्यांनी, आपल्या ऐपतीबाहेर गेलेली पडवी उतरवून घेतली आणि उरलेलं चर्च गळतीपासून वाचवलं, हे काम मला पहिल्याइतकंच मोठं वाटतं. छपराचं शिसं वाचलं, तुळया वाचल्या, दगड वाचला. पडवीच्या खिडक्या त्यांनी टाकून दिल्या नाहीत, सोडवून घेतल्या आणि बंद कमानीत परत बसवल्या, म्हणजे आत उजेड राहील. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मोठं बांधलं. ज्यांचा पैसा आणि माणसं दोन्ही आटत गेली त्यांनी लहान करून टिकवलं आणि त्यांच्यामुळे हे चर्च आणखी साडेचारशे वर्षं चाललं. बेरेसफर्डच्या आधी या चिणलेल्या कमानींकडे बघून शोभा बिघडली म्हणणारेच बहुधा येऊन जात असतील.

भिंतींइतकीच माणसंही बोलली. चर्चच्या आत आणि आवारात मिळून सहाशे सत्त्याऐंशी सांगाडे निघाले. खेड्यातल्या सामान्य माणसांचा एवढा मोठा संच मध्ययुगीन इंग्लंडमधून क्वचितच मिळाला आहे. सायमन मेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं अभ्यासला. हाडांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून असं दिसलं की इथल्या आया मुलांना दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत होत्या. म्हणूनच की काय, तान्ही मुलं बरी वाढलेली आहेत. अंगावरचं दूध तुटलं की वाढ मागे पडलेली दिसते, आणि दहा वर्षांचं मूल आजच्या मुलापेक्षा कितीतरी खुजं. वयस्क बायकांची हाडं आजच्या शहरी बायकांइतकीच ठिसूळ झालेली होती. आयुष्यभर कष्ट उपसूनही. हे वाचून मला माझी आजी आठवली. ती ऐंशीव्या वर्षीही जात्यावर बसायची आणि एकदा ओट्यावरून पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडलं.

एका माणसाच्या कवटीवर जबर घाव होता. अकराव्या शतकाच्या आसपासचा हा चाळिशीचा माणूस. बोथट हत्याराने डोकं फुटलं होतं, आणि कुणीतरी डोक्याची कातडी उलटून आतलं हाड काढून मेंदूवरचा दाब कमी केला होता. हाडाच्या कडा भरून आलेल्या आहेत, म्हणजे तो वाचला. हे कुणा राजवैद्याने केलं असेल असं वाटत नाही. खेड्यातल्या माणसासाठी कोण येणार? गावोगाव फिरणारा एखादा जाणता असावा.

आणि एक गोष्ट चर्चच्या आवाराबाहेरची आहे. घरांच्या मधल्या एका खड्ड्यात एकशे सदतीस हाडं होती, निदान दहा माणसांची, अकराव्या ते चौदाव्या शतकातली. ती पवित्र जमिनीत पुरलेली नव्हती. मेल्यानंतर त्यांची चिरफाड केली होती, सुरीचे घाव होते, काही जाळली होती. 2017 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुष्काळात माणसं खाल्ली असावीत हा एक तर्क होता, पण घाव मुख्यतः डोकं आणि मान यांच्या भागात होते, मांस काढायला सुरी जिथे चालते तिथे नव्हते. परके लोक असतील म्हणावं तर दातांतल्या द्रव्यांच्या तपासणीवरून ते याच भागात वाढलेले ठरले. मेलेली माणसं उठून गावात फिरू नयेत म्हणून जिवंतांनी हे केलं, हे स्पष्टीकरण संशोधकांना सर्वांत जुळणारं वाटलं. यॉर्कशरच्याच न्यूबर्ग मठातल्या विल्यम या इतिहासकाराने बाराव्या शतकात अशा उठणाऱ्या मढ्यांच्या हकिकती लिहून ठेवल्या आहेत आणि त्यांवर जाळण्याचा उपायही.

हे वाचताना मी शिरूर तालुक्यातच पोहोचलो. घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 अशी खणाई केली. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही नावं आमच्या भागात अजून आदराने घेतात. व्हॅरमसारखंच तिथेही ध्येय एकच होतं, अख्खं गाव समजून घ्यायचं. ते गाव तीन हजार वर्षांपूर्वीचं. तिथे लहान मुलं दोन रांजणांच्या तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीतच पुरली होती, आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. मेलेल्याने चालत जाऊ नये, ढवळीकरांनी याचा असाच अर्थ लावला. इथे पाय तोडले, तिथे मुंडकं. भीती एकाच जातीची आहे. व्हॅरममध्ये तर चर्च होतं, मनोऱ्यावरची घंटा वाजत होती, तरी घरांमधल्या खड्ड्यात लोकांनी आपल्या हिशेबाने काय करायचं ते केलं. पाद्रीला ते माहीत असणार. गाव इतकं लहान होतं की माहीत नसणं शक्य नव्हतं.

गाव उठल्यावर चर्च कुणाचं राहिलं? परगण्यातल्या पाच वस्त्यांपैकी चार गेल्या, एक थिक्सनडेल तगली. तिथली माणसं रविवारी दोन-तीन मैलांची डोंगरवाट चालून ओस गावातल्या चर्चमध्ये यायची आणि मयतही त्याच वाटेने खांद्यावर आणायची. सोळाव्या शतकात धर्म बदलला, भिंतींवरची चित्रं चुन्याखाली गेली, लॅटिन गेलं, इंग्रजी आलं, पण चर्च तेच. आवारात उभे असलेले थडग्याचे दगड याच नंतरच्या लोकांचे आहेत. 1870 मध्ये सर टॅटन साइक्स या जमीनदाराने जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नामांकित वास्तुरचनाकाराकडून थिक्सनडेलमध्ये नवं चर्च बांधून घेतलं आणि ही पायपीट थांबली. व्हॅरमच्या चर्चला मग शेजारच्या शेतावरची आणि मजुरांच्या ओळीतली मोजकी माणसं उरली. शेवटची उपासना 1949 मध्ये झाली, म्हणजे बेरेसफर्डने कुदळ मारली त्याच्या आदल्या वर्षी.

त्यानंतर मात्र दहा वर्षांत जे झालं ते आधीच्या चारशे वर्षांत झालं नव्हतं. छपराचं शिसं चोरीला गेलं. शिसं गेलं की पाणी आत, पाणी आत की तुळया कुजतात, आणि भिंतींच्या माथ्यावरून मुरलेलं पाणी हिवाळ्यात गोठून दगड फोडतं. 1959 च्या डिसेंबरात वादळात मनोऱ्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग कोसळला. उरलेला अर्धा तसाच सांभाळला आहे, आणि त्याच्या उभ्या छेदात भिंत कशी असते ते दिसतं: बाहेर एक पदर घडीव दगडाचा, आत एक पदर, मधे चुन्यात कालवलेली दगडगोट्यांची भर. मजबूत भिंतीचा जीव बाहेरच्या सुबक दगडात नसतो, मधल्या चुन्यात असतो, आणि तो पाण्याला घाबरतो. दक्षिणेच्या कमानी चिणणाऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी आधी छप्पर सांभाळलं आणि मग भिंतींचा विचार केला.

जागा आता इंग्लिश हेरिटेजकडे आहे, जायला तिकीट नाही, दरवाजाही नाही. उंचवट्यांवर गुरं-मेंढरं चरतात, आणि ते बरंच आहे, कारण गवत आखूड राहिलं तरच जोत्यांच्या रेषा दिसतात. जाणाऱ्याने सकाळी लवकर किंवा उन्ह कलल्यावर जावं. आधी पठारावर चढून घरांची ओळ पावलांनी मोजावी, एका घराच्या परसाची रुंदी पुढच्या घराशी ताडून बघावी, आणि मग चर्चकडे उतरून आतून उत्तरेच्या भिंतीपासून दक्षिणेच्या भिंतीपर्यंत चालावं. दोन्ही पडव्या होत्या तेव्हा हे अंतर किती असेल ते बाहेरच्या गवतात पावलं टाकून कळतं. एवढी माणसं इथे उभी राहत होती.